बापूनं न उघडलेलं दार

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्याच्या जीपमध्ये सतरा माणसांच्या खाली होतो. फोन घ्यायला हात मोकळा नव्हता, म्हणून शेजारच्या आजोबांनी तो माझ्या कानाला धरला आणि बातमी माझ्याआधी त्यांनीच ऐकली. "पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "तुमचा माणूस गेला." ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. सतरा अनोळखी माणसं बापूसाठी गप्प बसली... माझ्या दोस्ताला त्यानं कधी न पाहिलेल्या माणसांनीही मान दिला, हे मी पैजेवर सांगतो.

बापूचं लोहाऱ्यात पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, रिवायंडिंगचं दुकान होतं. त्याच्या हातचा पंप विहिरीत पाणी नसलं तरी पाणी काढायचा, असं मी पंचक्रोशीत सांगत फिरायचो आणि तो मला शिव्या द्यायचा. एकदा कुणीतरी व्हिडिओ गेमचं जुनं मशीन दुरुस्तीला टाकून गेला, तो परत आलाच नाही. बापूनं मशीन खोललं, जोडलं, पण ते पालथं घातल्याशिवाय डिस्क वाचेना. मग ते त्याच्या माडीवर, टॉवेलची घडी खाली घालून, कायमचं पालथंच राहिलं. डिस्क एकच होती: एक ओसाड दवाखाना, त्यात हिंडणारे मुडदे आणि बाहेर पडू बघणारी एक नर्स. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही खिडकीला युरियाचं पोतं लावून अंधार करायचो आणि बसायचो. पहिल्या दिवशी मुडदा काच फोडून आत आला तेव्हा मी असा ओरडलो, की ढोकीच्या कारखान्याचा भोंगा झाला समजून माणसं शेतातनं घरी निघाली.

"नाना, यात भ्या कशाचं हाय सांग," बापूनं एकदा विचारलं.

"मुडद्याचं. दुसरं कशाचं असणार?"

"न्हाय. मुडदा दिसला की भ्या निम्मं होतंय. भ्या हाय ते दार सावकाश उघडतंय त्याचं. आन् पिस्तुलात चारच गोळ्या हायत त्याचं. शंभर गोळ्या दिल्या असत्या तर ही नुसती शिकार झाली असती."

विचार केला तर खरं होतं. पिशवीत सहाच वस्तू मावायच्या, म्हणजे औषध घ्यावं की किल्ली, हे ठरवतानाच घाम फुटायचा. कोपऱ्यापलीकडचं काही दिसायचं नाही, नुसता पाय ओढत चालल्याचा आवाज यायचा. आणि मधेच एक खोली लागायची, जिथं कुणी येत नाही, संथ सूर वाजतात, पिशवीत न मावलेलं ठेवायला एक पेटी असते आणि मेणबत्ती लावली की खेळ जतन होतो, म्हणजे पुढच्या वेळी तिथनंच सुरू. त्या खोलीत आम्ही दोघं खरोखर पाय पसरून बसायचो. दोन वाजता लाईट जायची, त्याच्या आत तिथं पोचलं नाही की दुपार पाण्यात. आमच्याकडं लाईटीपेक्षा मोठं भूत त्या डिस्कमध्येही नव्हतं.

लढायची बापूची रीत ठरलेली. दिसेल त्याला मारायचं नाही; वळसा घालून जाता येत असेल तर जायचं. मारायचंच असेल तर जवळ येऊ द्यायचं, आधी गुडघ्यावर गोळी, पडला की डोक्यावर. दोघं असतील तर दारात उभं राहायचं, म्हणजे एकेकच येतो. पाठ दाखवून पळायचं नाही, दोन पावलं मागं सरून पुन्हा नेम. आणि थोडं खरचटलं म्हणून औषध उडवायचं नाही. एवढं सगळं करून आम्ही शेवटच्या दाराशी पोचलो, आणि बापू थांबला. बारा वर्षं थांबला. रोज दुपारी मागच्या खोल्यांतनं फिरायचं, दाराशी यायचं, परत फिरायचं.

"उघड की," मी म्हणायचो.

"उघडलं की संपलं. मग दुपारचं आपण करायचं काय?"

तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी, भर दुपारी, मी माडीवर गेलो तर बापूची लेक पूनम पोतं लावून बसलेली. ती लातूरला नर्सिंग शिकते. तिनं खेळातली पेटी उघडून दाखवली. पेटी गोळ्यांनी, औषधांनी गच्च! बारा वर्षांत बापूनं अडचणीला असू दे म्हणत सगळं साठवलं होतं.

"काका, आज ते दार उघडायचं."

"अगं, संपून जाईल ना गं... त्याचं एवढंच तर राहिलंय."

"मग या गोळ्या कशाला जपल्या त्यांनी? बघत बसायला व्हय?"

वहिनी, म्हणजे पूनमची आई, लसूण सोलत जिन्यातनं वर आल्या. या माडीवर टीव्हीसमोर त्या कधी बसल्या नव्हत्या. "उघड गं," त्या म्हणाल्या. "मला बी बघू दे, हे एवढं कशाला भ्यायचे."

दार सावकाश उघडलं. आतला राक्षस चिंचेच्या झाडाएवढा होता, आणि या वेळी मी तसूभरही वाढवून सांगत नाही. मी ओरडलो, "गुडघा! गुडघा!"

"माहीत हाय काका, गप बसा!"

पोरीनं दोन पावलं मागं घेतली. गोळी. दोन पावलं. गोळी. जपलेलं सगळं तिनं हात न आखडता वापरलं. दोनला दहा मिनिटं कमी असताना राक्षस कोसळला. नर्स बाहेर आली, पडद्यावर पहाट झाली. आम्ही तिघंही रडलो... पण नर्स सुटली होती. वहिनी म्हणाल्या, "चांगलं झालं बाई."

मग पडदा काळा झाला आणि पहिलं पान परत आलं. पूनमनं खेळायचा रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. "बाबांचं जतन केलेलं तसंच ठेवलंय. आता तुम्ही, पहिल्यापासून."

इथं एक कबूल करतो. या खेळातला मी उस्ताद आहे, असं मी तालुकाभर सांगितलंय. खरं म्हणजे इतक्या वर्षांत मी रिमोट एकदाही हातात घेतला नव्हता. भीती वाटायची. मी पहिल्याच बोळात मेलो. मुडद्यानं नव्हे, मी भिंतीशीच झटत असताना मागनं आलेल्या खेळातल्याच एका कुत्र्यानं. बापू गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा हसल्या.

मशीन अजून पालथंच आहे, टॉवेलच्या त्याच घडीवर. पूनम सुट्टीला आली की पोतं लावते, वहिनी लसूण घेऊन बसतात. काल मी दुसऱ्या दारापाशी पोचलो. सात गोळ्या उरल्यात. बापू असता तर म्हणाला असता, लई उधळल्यास... आणि जरा सरकून माझ्यासाठी जागा केली असती.