आठची गोळी

"आठ म्हणजे आठ!"

खुर्चीत टेकायच्या आधीच बाही वर सरकवून मुर्धा गावचे काका हे ऐकवायचे. नवघरच्या आमच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढण्यात माझी वीस वर्षं गेली. नावं विसरते, शिरा लक्षात राहतात. काकांची शीर लगेच सापडायची आणि तोंड तर बंदच नसायचं. "पुतनीच्या लग्नात हातात अक्षता, नि मी गोळी गिळतोय. भटजी बघतच राहिला!"

काका पूर्वीचे मिठागरवाले. त्यांना बसवलेली किडनी थोरल्या बहिणीची, अक्कांची. "भाऊबीजेला बाकीचे भाऊ ताटात ओवाळणी टाकतात, मी किडनी उचलून आलो," म्हणायचे, आणि हसता हसता डोळे पुसायचे.

गोळी कशासाठी, हे तेच मला समजावत, जणू मी कालच नोकरीला लागलेय. दुसऱ्याची किडनी शरीराला कधीच आपली वाटत नाही. आतले पहारेकरी तिच्यावर उठतात, त्यांना गोळी गुंगीत ठेवते. "एकदम उठले तर ताप येतो, कळतं. हळूहळू उठले तर न्हाय कळत. बांध फुटला तर अख्खं गाव धावतं पोरी, पाझरला तर कोन बघतो?"

गोळी रक्तात किती आहे हे मोजायचं, तर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावं लागतं. फॉर्मवर तसा प्रश्नच असतो. नव्या पेशंटला मी तो विचारतेच. काकांना काय विचारायचं, ते तर घरचेच! 'घेतली नाही' वर मीच खूण करून टाकायची. दहा वाजता समोर बसून ते "आठ म्हणजे आठ" म्हणायचे, मी हसायचे, आणि गोळी आधीच पोटात गेलीय हा त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला वर्ष लागलं. तोवर रक्तात गोळी जास्त दिसते म्हणून डॉक्टरांनी ती दोनदा कमी केली होती.

कळलं त्याच दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. गोळी वाढली. पण रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी बिघडल्याची खूण, चढतच गेलं. ना ताप, ना दुखणं. रक्तवाहिन्या आतून जाड होत होत्या, किडनी निबर होत चालली होती. "त्यामुळेच झालं असं नाही म्हणता येणार. गोळ्या बरोबर असूनही होतं," डॉक्टर म्हणाले. त्यामुळे झालं नाही, असंही म्हणाले नाहीत. तेवढं मनात घेऊन मी रोज तीस-चाळीस हात टोचते. एवढी का दमतेस, असं घरी विचारतात. काय सांगणार?

काकांना मी रडत रडत सांगितलं, तर ते माझ्यावरच डाफरले. "गप गो. गोळी घेऊन येऊ का, मी तरी कुठं विचारलं तुला?" पुढे डायलिसिस सुरू झालं, आमच्याकडे येणं कमी झालं. गणपतीनंतर ते गेले.

परवा अक्का आल्या, स्वतःचं रक्त तपासायला. एकच किडनी उरलेली, ती जपावी लागते. मी सुई काढून कापूस दाबला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जायच्या आधी सांगितलं त्यानं मला. गोळ्या मीच चुकवायचो, म्हणाला. कंटाळा यायचा म्हने."

मी म्हणाले, "अक्का, एकही चुकवली नाही हो त्यांनी. चूक माझी आहे." मग फॉर्मवरच्या खुणेपासून सगळं सांगितलं. त्या मला वाटेल ते बोलतील असं वाटत होतं, आणि बोलल्या असत्या तर बरंच झालं असतं.

अक्कांनी कापूस डब्यात टाकला. मग पिशवी उचलली.

"चार महिने झाले," त्या म्हणाल्या. "त्याच्या फोटोला हार घातला न्हाय मी."