भोकाचं मडकं

मडक्याला भोक पाडायचं ते मसणात, असं रत्नप्रभेचं म्हणणं. आणि तिचा नवरा लवू तर चाळीच्या दारातच मडकं उपडं घालून बुडाला खिळा लावून बसलेला.

"माझ्या दारात ह्या अभद्र करू नकात," ती म्हणाली. "काय पाडूचा ता मैदानात जावन पाडा."

संपात गिरणी बुडाली तेव्हापासून लवू मुलुंडच्या एका मैदानावर माळी होता. कडेनं सावली हवी म्हणून सेक्रेटरीसाहेब गुलमोहर आणायला निघाले होते. लवूनं ओवळ मागितली. ओवळ म्हणजे शहरातली बकुळ. वाढते सावकाश, पण वादळात आडवी होत नाही. साहेब म्हणाले, "लाव. पण नळाचं पाणी खेळपट्टीला. उन्हाळ्यात मेली तर जूनमध्ये गुलमोहर."

खरं कारण त्यानं साहेबांना सांगितलंच नाही. रत्नप्रभा बाजारचा गजरा कधी माळत नसे. "ह्येका वास खय आसा?" म्हणायची. तिला हवा ओवळाच्या फुलांचा वळेसार, सुकून चुरा झाला तरी वास न सोडणारा.

मैदानावर रोलर ओढणारा चंदर त्यांचाच गाववाला. तो हसला. "मेल्या, ह्येका फुला येयसर आपण दोघव वर पोचलेले आसतलव."

लवूनं रोपं लावली. प्रत्येकाच्या मुळाशी मडकं पुरायचं, बुडाच्या भोकात चिंधीची वात घालायची. पाणी आतल्या आत पाझरत राहतं. शेवटी रत्नप्रभाही जुनं लुगडं घेऊन मैदानात आली. लवूनं भोकावर बोट दाबून मडकं भरायचं, कुठं चीर नाही ना बघायचं. तोवर ती वात वळायची. मग म्हणायची, "हां, काढा आता बोट." आणि वात आत सारायची. दारात अभद्र असलेलं भोक मैदानात तिला चालत होतं.

फाल्गुनात तिला कावीळ झाली. पाडवा काही तिनं बघितला नाही.

पोरबाळ नव्हतं, म्हणून मसणात मडकं लवूच्याच खांद्यावर. मागून चंदर दगडानं भोक पाडत होता. तिसऱ्या फेरीला पाण्याची तिसरी धार लागली आणि लवूचा हात आपसूक मागं गेला. त्यानं भोकावर बोट दाबलं. सगळे थांबले.

"लवू," चंदर हळू म्हणाला, "बोट काढ रे. जावं दे पाणी."

सुतक फिटल्यावर तो मैदानावर गेला. पॅव्हेलियनपाशी त्यानं आणि रत्नप्रभेनं लावलेली पहिली ओवळ. पानं करपून काळी झालेली. चंदर आपल्या प्यायच्या कळशीतलं पाणी घालत होता, पण ते पुरणार किती? लवूनं नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं.

मडकं उकरून काढलं तर वात नाही. घुशीनं ओढून नेली असावी. त्यानं भोकावर बोट दाबलं आणि घरून आणलेल्या डब्यातलं पाणी ओतलं. मडकं भरलं. बोट तसंच. काढा म्हणणारं कोणी नव्हतं.

पलीकडे जाळीत पोरं बॅटिंगचा सराव करत होती. लवू उकिडवा बसला. मग दातांनी पंचाची किनार फाडून एका हातानं पीळ घालू लागला. पीळ बसेना. वात वळायला दोन हात लागतात.

त्यानं रोलरकडं बघून हाक मारली, "चंदर, हय ये रे. एक हात कमी पडता."