वारुळाच्या मातीची शेगडी

राज्य बदलल्यामुळे आमच्या दवाखान्याचे कागद नागपूरऐवजी मुंबईहून येऊ लागले होते, त्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. ढाणकीपासून बैलगाडीच्या वाटेवरचं लहान गाव, दोन खोल्यांचा दवाखाना आणि मी एकवीस वर्षांची नर्स. डॉक्टर फक्त गुरुवारी येत. बाकीचे सहा दिवस मी आणि आमची दाई. ती जवळच्या तांड्यावरची, साठी ओलांडलेली. तांड्यावर आईला याडी म्हणतात. सगळं गाव तिला याडीच म्हणे, मीही म्हणे.

त्या गावात माझं मन लागत नव्हतं. आल्यापासून दोनदा बदलीचा अर्ज केला होता. पौषातल्या एका बुधवारी तिसरा लिहिला, आणि तेवढ्यात कळलं की ढाणकीची गाडी निघते आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटलेली होती. जाड भाजक्या मातीची, कोळशाची, दोन माणसांनी उचलावी अशी. निखारे काढून ठेवायला धीर कुठला? मी तांब्याभर पाणी ओतलं आणि धावले. मागे टण्णकन आवाज झाला, तो ऐकूनही थांबले नाही. पत्र देऊन परत आले तर शेगडी वरपासून खालपर्यंत तडकलेली, आणि तळहाताएवढा कपचा राखेत पडलेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, ही कशानं फुटली? मी म्हटलं, मी कामात होते, खोली याडी झाडत होती. दोन्ही गोष्टी एरवी खऱ्याच होत्या. डॉक्टर याडीला बोलले, की आता तुमचे हात थरथरतात, दुसरी बाई पाहावी लागेल. याडीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि झाडू घेऊन ती बाहेर गेली.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. त्यात एका शेतकऱ्याची सून दिवस भरत आलेली. तिचं पहिलं मूल मागच्या थंडीत तिसऱ्या दिवशी गेलं होतं. या खेपेला सासूनं स्वतः येऊन सांगितलं होतं, बाई, घरी वारा लागते, बाळंतपण तुमच्याच खोलीत करू. त्या खोलीला धुराडं नव्हतं, म्हणजे चूल घालता येत नव्हती. घमेल्यात निखारे घालून पाहिले, तर तळ तापून सारवलेली जमीन करपली. ढाणकीच्या बाजारातला कुंभार म्हणाला, आता भट्टी संक्रांतीनंतरच. मग मी विहिरीजवळच्या वावरातली काळी माती आणली, भिजवली आणि भेगेत भरली. सकाळी पाहते तर माती वाळून भेगेहून मोठी भेग पडलेली. मी ती खरवडून काढली आणि पुन्हा भरली. पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी याडी डोक्यावर टोपलं घेऊन आली. मी काही सांगितलं नव्हतं.

"काळी माती कापसाले चांगली," ती म्हणाली. "इस्तवाले वारुळाची लागते."

तिनं आधी शेगडी लोहाराकडे न्यायला लावली. मशिदीमागे त्याचं दुकान होतं. त्यानं लोखंडी पट्टी तापवून शेगडीभोवती आवळली, कपचा जागेवर बसवला आणि बजावलं की ठोकाठोकी आधी झालेली बरी, माती मागाहून भरा, नाहीतर हादऱ्यानं निघून येईल. मग याडीनं वारुळाची माती चाळली, त्यात घोड्याची लीद आणि पिंजलेला कापूस घातला आणि मला ती पायानं तुडवायला लावली. दुपारभर मी तुडवत होते. भेगेला पाणी लावून तिनं माती अंगठ्यानं आत दाबली आणि शेगडी सावलीत ठेवली. आठ दिवस हात लावायचा नाही.

मी तासातासानं जाऊन बोट लावत होते. चौथ्या दिवशी याडीनं माझं मनगट धरलं.

"कायले दाबून राह्यली? ते तुह्या दाबण्यानं वाळन काय?"

मला रडू आलं. शेगडी मी फोडली, पाणी ओतून, असं मी सांगून टाकलं.

"मले माहीत हाय. पडलेल्या शेगडीचा काठ फुटते. हे पाण्यानं तडकली."

"मग बोलली काहून नाही?"

"तू बोलशीन म्हणून पाहून राह्यली होती." तिनं माझं मनगट सोडलं. "मले सांगून काय व्हते? डाक्टरले सांग. काम माह्यं जाते."

गुरुवारी मी डॉक्टरांना सांगितलं. ते औषधांची यादी पाहत होते. बरं, पुढे लक्ष ठेवा, एवढंच म्हणाले. दाराआडून याडी म्हणाली, त्यानं आयकलं नाही, पुन्हा सांग. डॉक्टर निघाले तशी मी सायकलीपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, याडीचे हात थरथरत नाहीत, मी तुमच्याशी खोटं बोलले, दुसरी बाई पाहू नका. आता त्यांनी ऐकलं. मला पुष्कळ बोलले आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या बाईचा विषय तिथेच मिटला. पण याडीकडे पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि गेले. याडीला तेवढं पुरलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतीच बोलली.

शेगडी आधी गोवरीच्या मंद आचेवर दोनदा तापवली, मगच कोळसा घातला. सून आली त्या सकाळी आभाळ भरून आलेलं होतं आणि वारा बोचत होता. दहाच्या सुमाराला मुलगी झाली, अगदी लहानशी, रडायलाही वेळ लावलेली. खिडकी बोटभर उघडी ठेवून आम्ही शेगडी बाजेपासून हातभर अंतरावर मांडली. माझे डोळे सारखे त्या सांध्याकडे जात. शेवटी याडीच म्हणाली, बाई, पोरीकडे पाह्य.

तिसरा दिवस उजाडला. सासू सकाळपासून उंबऱ्यात उभी होती, बस म्हटलं तरी बसेना. मीही आत-बाहेर करत होते, पोरीच्या पावलांना हात लावून पाहत होते. पावलं गरम होती. तो दिवस गेला, चौथाही निम्मा गेला. दुपारी सासू भिंतीला टेकून बसली आणि बसल्या जागी झोपली. याडीनं आपली ओढणी तिच्या अंगावर टाकली, आणि मला हातानं खूण करून सांगितलं, आता जरा तूही बस.