अजून थोडे राहिले आहे

पेला माझ्या ओठांपर्यंत आला होता. ख्रिस्ती मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे प्रार्थनाघराच्या प्रमुखांनी, तो मागे घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "खिडकीतला ग्लास घे."

खिडकीत ॲल्युमिनियमचे तीन ग्लास होते. गावकुसाबाहेरून आलेल्यांसाठी. त्यांनी वरून धार धरली. महाडच्या प्रार्थनाघरातले माझे ते पहिले प्रभुभोजन, सगळ्यांनी एकाच पेल्यातून द्राक्षरस पिण्याचा विधी.

उपासनेनंतर त्यांनी मला समजावले. ते जमीनदार घराण्यातून ख्रिस्ती झालेले, शब्द जपून वापरणारे. जातीचे नाव त्यांनी घेतले नाही. विश्वास ठेवलास त्या दिवशी पापांची क्षमा झाली, म्हणाले, पवित्रीकरण मात्र हळूहळू होते. तुझे अजून थोडे राहिले आहे.

मी मानले. ज्या गावात आमच्या माणसांनी तळ्याचे पाणी हक्काने ओंजळीत घेतले, त्याच गावात मी मान खाली घालून ते मानले. बिडी सोडली. बायकोवर हात उगारणे सोडले. दर वर्षी विचारी, आता? दर वर्षी नवा दोष निघे. एकदा म्हणाले, तुझ्या प्रार्थनेत अजून वाडीची बोली येते. तेव्हा प्रथम शंका आली. बांधावरून सख्ख्या भावाला कोर्टात खेचणाऱ्या या गृहस्थांचे पवित्रीकरण कधी पुरे झाले? पण शंका हेही पापच असेल, म्हणून मी ती कबूल केली. त्यांच्याकडेच.

दहा वर्षांनी मला नवख्यांना शिकवायला पाठवू लागले. पोलादपूरकडे, कापड्याला आमच्यातलीच एक म्हातारी होती, नुकताच बाप्तिस्मा झालेली. पेला कधी मिळेल, तिने विचारले. मी म्हणालो, आजी, अजून थोडे राहिले आहे.

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "देवानं मला माफ केलं, तवा हात धरला का लांबूनच केलं?"

धरला, मी म्हणालो.

"त्याचा हात नाय बाटला. मंग तुमचा पेला कसा बाटतो रे बाबा?"

इतकी वर्षे माझ्या तोंडून वडील बोलत होते. माझा अपमान मी आपल्याच माणसांना वाटत फिरत होतो.

पुढच्या प्रभुभोजनाला तिला घेऊन महाडला आलो. वडिलांनी खिडकीकडे बोट केले.

"नाही," मी म्हणालो. "आज आधी या पितील. याच पेल्यातून."

सर्वांसमोर मी तिची क्षमा मागितली. वडिलांनी पेल्यावर पांढरे फडके टाकले. त्या दिवशी कोणीच प्यायले नाही. घरी परतताना म्हातारी एकदाच बोलली, "बरं झालं."

माझ्यात बदलायचे पुष्कळ आहे. ते देव मला रोज दाखवतो. माझ्या नम्रतेवरही आता माझा संशय आहे. ती किती देवापुढची आणि किती वडिलांपुढची, हे मी अजून तपासतो आहे. परंतु ज्याला देवाने आपले म्हटले, त्याला पवित्र म्हणण्यासाठी तो कोणाच्या परवानगीला थांबला असेल, हे मी यापुढे मानणार नाही. दर महिन्याला आम्ही रांगेत उभे राहतो. पेला झाकलेला राहिला तर राहो. वेगळ्या भांड्यातून आम्ही पिणार नाही, आणि "अजून नाही" हे माझ्या तोंडून आता कोणालाही ऐकावे लागणार नाही.