मागावर बसलेल्या सासूबाई

निजामाच्या राज्यात मी मुरुमजवळच्या एका घोंगड्या विणणाऱ्या घरात सून म्हणून आले. आम्ही बायका लोकर कातायचो, सुताला चिंचोक्याची खळ द्यायचो. मागावर मात्र सासरेच बसायचे. एकदा बैलगाडीतून पडून त्यांचा हात मोडला आणि एका लग्नात द्यायची घोंगडी मागावर अर्धीच राहिली.

"आता ही वेळेवर होत न्हाय," ते म्हणाले.

सासूबाई कातणं सोडून उठल्या. पदर खोचून त्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या. त्यांना तिथं बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला हात जरा अडखळला, मग धोटा असा सरसर धावू लागला, की मी कातायचं विसरून बघतच राहिले.

घोंगडी उतरली तेव्हा सासऱ्यांनी धडक्या हातानं ती सगळी चाचपली.

"माझं कुठं संपलं अन् तुझं कुठं सुरू झालं, मलाच कळंना. कधी शिकलीस?"

"तुमच्याकडं बघतच कातत आले की इतकी वर्षं," सासूबाई म्हणाल्या.

हात बरा झाला, तरी सासऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं नाही. स्वतःसाठी त्यांनी शेजारी दुसरा माग मांडला.