सतरा नंबरचा प्रस्ताव

कुणाला नाही म्हणायचं असलं की मॅडम आधी उभ्या राहायच्या. खुर्ची टेबलाखाली सरकवायच्या, पदर नीट करायच्या, चहाचा कप बाजूला ठेवायच्या आणि मग फोन लावायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई घरी निघाल्या. मी निरोप द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच मला गप्प केलं. पलीकडे फोन उचलला गेला होता.

"नकार बसून देऊ नये," फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या. "समोरच्याला दिसत नाही, पण आपल्या आवाजात उतरतं."

आम्ही सॉफ्टवेअर लिहिणारी काही मंडळी दर जानेवारीत नगरला एका दिवसाची कॉन्फरन्स भरवतो. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर झालं आहे, तोंडात अजून नगरच येतं. पगारी असं आमच्यात कुणी नाही. हॉल एका कॉलेजचा, कारण तिथले एक प्राध्यापक आमच्यातलेच आहेत. मी नगरमध्येच, सावेडीच्या फ्लॅटमध्ये बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, म्हणजे मी दिवसभर रिकामाच असतो असा सगळ्यांचा समज आहे. त्यामुळे बरीचशी कामं माझ्या गळ्यात पडतात.

मॅडम बेलापूरला राहायच्या आणि श्रीरामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होत्या. उसाची गाडी काट्यावर उभी राहिली की वजनाची पावती काढणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिलेला. तरुणपणी लिहिला आणि पंचवीसएक वर्षं एकटीनं सांभाळला. आमच्यातल्या एकानं त्यांना ताई म्हणून पाहिलं. "ताई म्हणालास की तुला कामं सांगायला मला जड जाईल," त्या म्हणाल्या, "मॅडमच राहू दे."

दर रविवारी कॉलेजात आमची बैठक असायची. त्या श्रीरामपूरहून एसटीनं यायच्या आणि तरीही दोन किलोमीटरवरून स्कूटरवर येणाऱ्या माझ्याआधी पोचलेल्या असायच्या. कुणी पाल्हाळ लावला की म्हणायच्या, "गव्हाण रिकामी चाललीय." गव्हाण म्हणजे कारखान्यात ऊस आत ओढून नेणारा पट्टा. तो रिकामा फिरणं हे त्यांच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं पाप. बोर्डावरचा एक मुद्दा निकाली निघाला की खडू खाली ठेवायच्याआधीच "बरं मग, पुढचं" ठरलेलं.

भाषण करू इच्छिणारे आम्हाला पानभर प्रस्ताव पाठवतात. पहिल्या वर्षी आम्ही निवड केली ती तुम्ही-आम्ही नेहमी करतो तशी. हा माझ्या वर्गातला, तो तुमच्या ओळखीचा. दुसऱ्या वर्षी मॅडम आल्या आणि त्यांनी नियम घातला. प्राध्यापकांनी सगळी नावं काढून घ्यायची, प्रस्तावांवर नुसते नंबर टाकायचे. लिहिणाऱ्यानंही आपण कोण, कुठले हे कळेल असं काही लिहायचं नाही. प्रत्येक प्रस्तावाला निवडणाऱ्यांनी शेरा द्यायचा आणि ज्याला नाही म्हणायचं त्याला फोन करून कारणासकट सांगायचं.

एकदा कुण्या पुढाऱ्याचा फोन आला होता.

"मॅडम, आपला पाव्हना हाय. बघा जरा त्याचं."

"बघितलं असतं हो," मॅडम अगदी कळवळून म्हणाल्या, "पण नाव झाकलंय. मलाच दिसत नाही."

त्या माणसाला वाटलं, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बिघाड आहे. "दुरुस्त झालं की सांगा," म्हणाला.

पाथर्डीकडचा एक जण होता, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. त्याचा प्रस्ताव दोन वर्षं लागोपाठ नापास झाला. दुसऱ्या वेळी तो फोनवर म्हणाला, "व्हय मॅडम, तुमी न्हाई म्हनला ते लई चांगलं सांगितलं. पन नेमकं काय सुदारू?" मॅडम त्याच्याशी अर्धा तास बोलल्या. पूर्ण वेळ उभ्या. नंतर खुर्चीत बसून गुडघा चोळत म्हणाल्या, "याला पुढच्या वर्षी आणायचा. पण आपण नाही आणायचा, त्यानं यायचं."

त्यांनी स्वतः मात्र कधी भाषण केलं नाही. त्या पहिल्या रांगेत कडेला बसून वक्त्याला वेळेच्या पाट्या दाखवायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "मला काय सांगायचंय? मी एकच प्रोग्रॅम लिहिला आयुष्यात."

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या बैठकीत त्यांनी सहज सांगितलं, की कारखान्यानं बाहेरून तयार सॉफ्टवेअर घेतलं आहे. आपल्या प्रोग्रॅमचा हा शेवटचा हंगाम, आणि हंगाम संपला की आपणही निवृत्त. एसटी अर्धा तास उशिरा आहे म्हणावं, तशा सुरात सांगितलं. आणि वर म्हणाल्या, "यंदा मला निवडीत धरू नका. नकाराचे फोनही तुम्हीच करा." शेवटच्या हंगामात काम वाढलं असणार, असं आम्ही गृहीत धरलं. मी तर मोठ्या ऐटीत फोनांची जबाबदारी घेतली.

आम्ही तिघे निवडीला बसलो. सतरा नंबरचा प्रस्ताव होता, 'चालू असलेल्या जुन्या प्रणालीत बदल करताना घ्यायची काळजी'. शुद्ध, नेटका आणि सुका खडखडीत. मी त्यावर शेरा लिहिला: "विषय उपयोगाचा आहे, पण मांडणी कोरडी. लिहिणाऱ्यानं हे काम स्वतः कधी केलेलं दिसत नाही. पुस्तकातून उतरवल्यासारखं वाटतं." शेरा बरा जमला म्हणून मी तो दोनदा वाचलाही. बाकीच्या दोघांनी माझ्या शेऱ्याखाली 'सहमत' लिहिलं आणि सतरा नंबर बाद झाला.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी नावं उघडली. मी नकारांची यादी घेतली आणि सतरा नंबरपाशी थांबलो. तिथं मॅडमचं नाव होतं.

आता कळलं, की त्यांना एकदा, फक्त एकदा, आपल्या लोकांसमोर उभं राहून आपलं काम सांगायचं होतं. ते काम चालू असेपर्यंतच सांगायचं होतं. आणि ओळख पटू नये हा नियम त्यांनीच केलेला, म्हणून त्यांनी तो शेवटपर्यंत पाळला होता. ऊस काढून टाकला, काटा काढून टाकला, कारखाना, गाड्या, हंगाम सगळं काढलं. ज्यावरून त्या ओळखू आल्या असत्या ते सगळं गेलं आणि मागं जे उरलं त्याला मी पुस्तकी म्हणालो.

मी आधी बाकीच्या दोघांना फोन केले. निकाल बदलू, असं लगेच ठरलं. मग मॅडमना लावला. तो फोन मी उभा राहून केला की बसून, ते खरंच आठवत नाही. घरात फेऱ्या मारत होतो बहुतेक.

"मॅडम, सतरा नंबर आम्ही घेतोय," मी म्हणालो.

"कालच्या बैठकीत घेतला होता का?"

"नाही, पण..."

"मग नाही घेतला. शेरा काय आहे?"

"शेरा राहू द्या ना."

"मी आजपर्यंत प्रत्येकाला कारण सांगितलंय. मला का नाही? वाचा."

मी वाचला. एका दमात, संपवून टाकावा म्हणून. पलीकडे काट्यावर ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "रस काढून घेतल्यावर चिपाडच राहणार. त्याला कोण घेईल?"

"मॅडम, एवढ्या वेळी नियम बाजूला ठेवू."

"ठेवा. मग आजवर ज्यांना मी नाही म्हणाले, त्या सगळ्यांना मला परत फोन करावे लागतील. गुडघ्यांना झेपणार नाही." त्या थोडं हसल्या, मी मात्र हसू शकलो नाही. "बरं मग, पुढचं. अठरा नंबरला फोन केलात का?"

कॉन्फरन्सच्या दिवशी दुपारी पुण्याचा एक वक्ता आलाच नाही. अर्ध्या तासाची जागा रिकामी झाली. आम्ही तिघांनी एकदम मॅडमकडे पाहिलं. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही तेच केलं असतं. त्यांनी शांतपणे पिशवीतून थोडक्यात हुकलेल्यांची राखीव यादी काढली आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. पाथर्डीचा दुकानदार. तो प्रेक्षकांतच बसला होता. घाम पुसत व्यासपीठावर गेला आणि फार छान बोलला. मॅडमनी त्याला शेवटची पाटी दाखवायची वेळ झाली तेव्हा ती दोन मिनिटं मांडीवरच उपडी ठेवली. त्यांना नियमात एवढी सूट घेताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हंगाम संपला. प्रोग्रॅम बंद झाला. मे महिन्यात एका रविवारी मी श्रीरामपूरला उतरून रिक्षानं बेलापूरला गेलो. मॅडम स्वयंपाकघरात लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या.

"मला ते भाषण ऐकायचंय," मी म्हणालो.

"आता काय ऐकणार? बंद झालं ते."

"तरी ऐकायचंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, हात धुतले, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली आणि बोलायला लागल्या.

भर हंगामात कारखान्याच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असते. काटा थांबवता येत नाही. बैल तहानलेले असतात, माणसं रात्रीची निघालेली असतात, आणि प्रोग्रॅममध्ये बदल तर आजच करायचा असतो. मॅडम काय करायच्या, तर नवा बदल आधी एकाच बैलगाडीवर. पण त्याआधी त्या स्वतः रांगेत जायच्या, त्या गाडीवानाला गाठायच्या आणि सांगायच्या, "आज तुझी पावती दोनदा निघेल, जुनी एक नि नवी एक. घाबरू नको. दोन्हींत फरक पडला तर चूक माझी, तुझी नाही." दोन्ही पावत्या जुळल्या तर दुसरी गाडी. संध्याकाळपर्यंत दहा. आठवड्यात सगळा काटा. ह्याच गोष्टीला आमच्या धंद्यात भारी इंग्रजी नावं आहेत, त्यावर मी स्वतः दोन भाषणं केली आहेत. पण आधी रांगेत जाऊन गाडीवानाला सांगायचं, हे मला कधी सुचलं नव्हतं. एकदा फरक पडला होता, आणि ती चूक शोधेपर्यंत तो गाडीवान आपली गाडी बाजूला लावून त्यांच्या खिडकीशी बसून राहिला होता. "जाऊ दे म्हणाला नाही आणि भांडलाही नाही," मॅडम म्हणाल्या. "मला सोबत म्हणून बसला."

बरोबर पंचवीस मिनिटांनी, प्रश्नांना पाच मिनिटं ठेवून, त्या थांबल्या. आमच्या सगळ्या कॉन्फरन्समधलं सगळ्यात चांगलं भाषण मी एकट्यानं ऐकलं. मला भडभडून आलं आणि मी सांगून टाकलं.

"मॅडम, तो शेरा मी लिहिला होता."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. वाचताना कुठं अडखळला नाहीत. दुसऱ्याचं लिहिलेलं माणूस इतकं सरळ वाचत नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी अडकित्ता पुन्हा हातात घेतला. "बोलले असते, तर पुढं तुम्ही कुणाला खरा शेरा दिला असता का?"

येताना त्यांनी मला कैरीच्या फोडी बांधून दिल्या. त्यानंतर फोनवर दोन-तीनदा बोलणं झालं. दिवाळीच्या आधी त्या गेल्या. आजारी होत्या हे त्यांनी आमच्यापैकी कुणाला कळू दिलं नव्हतं. त्या मला किती हव्या होत्या, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आता इथं लिहितो आहे.

कॉन्फरन्स चालू आहे. दरवर्षी प्रस्ताव येतात, प्राध्यापक नावं काढून घेतात, मी शेरे लिहितो आणि ते खरे लिहितो. पण मधेच एखादा प्रस्ताव येतो, नेटका, कोरडा, कुणीतरी स्वतःला पुसून लिहिलेला. त्या आता नाहीत, हे मला पक्कं माहीत असतं. तरीही मी पेन खाली ठेवतो आणि तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतो, त्यांचाच असावा तसा.