सुतकातले आकडे

कणकवलीहून तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी अंगणात जाळं शिवत होतो. "आबा, सुनंदा गेली," एवढंच म्हणाला. तिचं दुखणं ठाऊक होतं, तरी सुई हातात तशीच राहिली. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण शोकसभेत मोठमोठे लोक बोलले ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे.

सुनंदा खाडीतल्या जिवांचा अभ्यास करायची. दर अमावास्येला सुकतीचं पाणी पार उतरलं की आम्ही दोघं चिखलात. पाइपाची चौकट चिखलावर ठेवायची, आतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उकरून मोजायच्या, परत पुरायच्या, वहीत आकडा लिहायचा. एखादी टपोरी दिसली की माझी नजर फिरायची. "आबा, ता जेवण न्हय, माझो अभ्यास आसा. थंयच ठेवा!" बांधावर उभी माझी बायको हसायची... पुढे सुनंदाला लांबच्या शहरात कॉलेजात नोकरी लागली आणि मोजणी ती माझ्यावर सोपवून गेली.

त्याच वर्षी खाडीच्या तोंडाशी वाळूचा उपसा सुरू झाला, आणि त्याच महिन्यात माझी बायको वारली. अमावास्या सुतकात आली. सुतकात आम्ही खाडीत उतरत नाही. पण वही कोरी कशी ठेवायची? मागच्या महिन्याचे आकडे तसेच उतरवले. पुढच्या अमावास्येला गेलो तर चौकटीत नुसत्या उघड्या शिंपल्या. सगळ्या मेलेल्या. खरं लिहावं तर मागचं खोटं उघडं पडणार. मग दर महिन्याला थोड्या थोड्या कमी करत गेलो...

त्या वहीवर तिनं लेख लिहिला. तिसऱ्या एकदम मेल्या नाहीत, हळूहळू कमी होतायत, म्हणून उपसा कारण दिसत नाही, असा त्याचा अर्थ. तिचा सगळ्यात गाजलेला लेख तोच. सुट्टीत आली तेव्हा ओटीवर बसून कौतुकानं सांगत होती, "आबा, तुमच्या आकड्यांचो आधार परदेशातले लोक घेतत!"

"आणि उपशावाले?"

"तेय घेतत."

मग मला राहवलं नाही. "बाय, ते आकडे खोटे आसत. सुतकात मी उतरलंयच नाय."

"तेव्हाच कित्याक सांगलात नाय?"

लाज वाटली, म्हटलं. चहा तसाच ठेवून ती उठून गेली.

तिनं छापणाऱ्यांना कळवून लेख मागे घेतला. मोजणीत चूक झाली, जबाबदारी तिची स्वतःची, असं लिहिलं. माझं नाव कुठेच नाही. पुढे तिची बढती अडली ती अडलीच. आणि मागे घेतलेल्या लेखाचा आधार घेणारे घेतच राहिले. उपसाही थांबला नाही. तरी ती दर सुट्टीत यायची, चिखलात उतरायची. पण मी आकडा सांगितला की आता स्वतः एकदा मोजून बघायची. एका शब्दानं बोलली नाही कधी. बोलली असती तर बरं झालं असतं...

तिचं सुतक मला लागत नाही. ना नात्यातली, ना गोत्यातली. म्हणून गेल्या अमावास्येला खुंटीवरची चौकट काढली आणि सुकतीला एकटाच उतरलो. तिनं आखून दिलेल्या सगळ्या जागी ठेवली, कोपरभर उकरलं, प्रत्येक जागा दोनदा बघितली. वहीत प्रत्येक रकान्यात शून्य लिहिलं. वही ओटीवर ठेवली आहे. ती कुणाला दाखवायची, ते मला माहीत नाही.